जुनी पांचजोडी गिटार आणि तिची खर्जाची साथ

गिटार हें वाद्य आतां आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें झालें आहे. तिला सहा तारा असतात, आणि त्यांतील सर्वांत जाड तार अंगठ्यानें छेडली म्हणजे एक खोल, घुमणारा सूर निघतो, हेंही पुष्कळांनीं ऐकलें असेल. वरच्या तारांवरील चाल ह्याच खालच्या सुराच्या आधारानें उभी राहते. परंतु सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं इटली, स्पेन व फ्रान्स ह्या देशांत जी गिटार घरोघरीं व राजदरबारीं वाजत होती, तिला ही सहावी तार नव्हती. एवढेंच नव्हे, तर त्या काळच्या कित्येक वादकांच्या गिटारला खर्ज म्हणून म्हणतात तो मुळींच नव्हता! अशा वाद्यासाठीं रचलेलें संगीत आज वाजवावयाचें झाल्यास त्याच्या खालीं दुसऱ्या एखाद्या वाद्यानें खर्जाची ओळ वाजवावी कीं नाहीं, आणि वाजवावयाची तर कोणत्या बेतानें, हा प्रश्न जुन्या संगीताच्या वादकांपुढें नेहमीं उभा राहतो. प्रश्न वरकरणीं क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर त्या संगीताचा सगळा अर्थ अवलंबून आहे. तोच ह्या लेखांत यथामति उलगडून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपांतील संगीताच्या इतिहासांत सामान्यतः १६०० पासून १७५० पर्यंतच्या काळास बरोक काळ असें म्हणतात. ह्या काळांतील गिटार आजच्या गिटारपेक्षां अंगानें बारीक व कमरेला कमी निमुळती असे. तिला सुट्या तारांऐवजीं तारांच्या पांच जोड्या असत. पहिली, म्हणजे सर्वांत उंच सुराची, जोडी पुष्कळदां एकाच तारेची असे. तारा धातूच्या नसून आपल्याकडील सारंगीप्रमाणें तातीच्या असत. पडदेही तातीचेच, दांडीभोंवतीं गुंडाळून गांठ मारलेले. आमच्याकडील सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असून सरकवितां येतात, तसेच हेही सरकवितां येत. व्हायोलिनच्या कारागिरीसाठीं जगप्रसिद्ध झालेल्या आंतोनियो स्त्रादिव्हारीनें अशा गिटारही घडविल्या होत्या; त्यानें १६८८ सालीं केलेली एक गिटार ऑक्सफर्ड येथील ॲश्मोलियन संग्रहालयांत ठेवलेली आहे.

आतां तारा लावण्याची रीत पाहूं; कारण सर्व घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. आमच्या तंबोऱ्यावर मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जांत लावून शेवटची जाड तार खर्जांत लावितात. ही खर्जाची तार काढून तिच्या जागीं पातळ तार चढविली व ती एक सप्तक वर लावली, तर तंबोरा बेसूर होणार नाहीं. पण त्याचा तळ नाहींसा होईल. जुन्या गिटारच्या चौथ्या व पांचव्या जोडीची हीच कथा आहे. कांहीं वादक ह्या दोन्ही जोड्यांत प्रत्येकीं एक जाड व एक पातळ तार लावीत, म्हणजे तोच सूर दोन सप्तकांत एकदम वाजे. कांहीं जण फक्त चौथ्या जोडीस जाड तार देत व पांचवी दोन्ही पातळ तारांची ठेवीत. कांहीं तर दोन्ही जोड्या पातळ तारांच्याच लावीत. ह्या तिसऱ्या रीतींत गिटारवरील सर्वांत खालचा सूर मधल्या, म्हणजे तिसऱ्या, जोडीचा असे. पांचवी जोडी तिच्यापेक्षां एक पूर्ण स्वर उंच, आणि चौथी जोडी दुसरीपेक्षांही उंच. तारा वरून खालीं क्रमानें उतरत जातात ही आपली समजूत येथें पार चुकीची ठरते.

असें कोणी कां करावें? स्पेनमधील गास्पार सान्स ह्यानें १६७४ सालीं सारागोसा येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्याचें उत्तर दिलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्याला सर्व तारांवरून हात फिरवून दणदणीत वाजवावयाचें असेल किंवा गाण्याच्या खर्जाची साथ करावयाची असेल, त्यानें जाड तारा लावाव्या. परंतु ज्याला एकेक सूर वेगळा छेडून नाजूक व कुसरीचें वाजवावयाचें असेल, त्यानें रोममधील वादकांप्रमाणें सर्व पातळ तारा लावणें बरें. रोममधील उस्तादांचा प्रघात त्यानें प्रत्यक्ष पाहिला होता. पातळ तारा लावल्यानें एक विलक्षण सोय होते. सरगम वाजवितांना लागोपाठचे दोन सूर एकाच तारेवर न वाजवितां दर वेळीं निराळ्या जोडीवर वाजवितां येतात, आणि त्यामुळें आधींचा सूर विरण्यापूर्वींच पुढचा त्यांत मिसळतो. देवळांतील लहानमोठ्या घंटा एकामागून एक वाजाव्या तसा हा ध्वनि होतो, म्हणून त्यास ‘काम्पानेला’, म्हणजे लहान घंटा, असेंच नांव पडलें. खर्ज गमावून वादकांनीं हें मिळविलें. तो तोट्याचा सौदा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु स्वरमेळाच्या बाबतींत ह्या सौद्याची किंमत द्यावी लागते, आणि ती कशी हें नीट समजण्यासाठीं आमच्या वाचकांनीं थोडें लक्ष द्यावें. १६०६ सालीं जिरोलामो मोंतेसार्दो ह्यानें फ्लॉरेन्स येथें एक पुस्तक छापलें. त्यांत गिटारवरील प्रत्येक स्वरमेळास, म्हणजे एकदम वाजविल्या जाणाऱ्या स्वरांच्या गटास, एकेक अक्षर दिलेलें होतें. ह्या पद्धतीस ‘आल्फाबेतो’ असें म्हणत. ‘ए’ अक्षर दिसलें कीं बोटें अमुक ठिकाणीं ठेवून हात फिरवावा, ‘बी’ दिसलें कीं तमुक ठिकाणीं; मग वाजविणाऱ्यास स्वरलिपीचें ज्ञान असो वा नसो. ह्या सोयीमुळें गिटारचा इतका प्रसार झाला कीं, पुढील कित्येक वर्षें इटलींत शेंकडों गीतें ह्या अक्षरांसह छापून निघालीं. ह्या अक्षरांचा आजच्या पाश्चात्य स्वरांच्या नांवांशीं कांहीं संबंध नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

आतां ‘ए’ ह्या अक्षराचा स्वरमेळ घ्या. त्यांत त्याच्या आधारस्वरास षड्ज मानलें तर सा, ग व प हे तीनच स्वर निरनिराळ्या तारांवर वाजतात. दोन्ही जोड्यांस जाड तारा असतील तर त्यांतील सर्वांत खालचा सूर गांधार येतो. फक्त चौथीस जाड तार असेल तर पंचम येतो. आणि जाड तार मुळींच नसेल तर षड्ज येतो. बोटें तींच, पडदे तेच, अक्षर तेंच. पण तळाचा सूर तीन रीतींत तीन निराळे! ‘बी’ अक्षराच्या मेळांत हा क्रम पुनः बदलतो: दोन जाड तारांनीं षड्ज, एका जाड तारेनें गांधार, व जाड तार नसतां पंचम. युरोपीय संगीतांत तळाशीं षड्ज असलेला मेळ घट्ट पाया घातलेल्या भिंतीसारखा वाटतो. तळाशीं पंचम असलेला मेळ डळमळीत, पुढें कोठें तरी जाऊं पाहणारा वाटतो. म्हणजे ‘ए’ वरून ‘बी’ वर गेल्यास एका वादकाच्या गिटारवर डळमळत्या जागेवरून पायावर आल्यासारखें वाटेल, तर दुसऱ्याच्या गिटारवर पायावरून डळमळत्या जागेवर गेल्यासारखें.

ह्यांत भर अशी कीं, गिटारचें संगीत ज्या लिपींत लिहीत तिला टॅब्लेचर म्हणतात, आणि ही लिपि सुरांची नसून बोटांची आहे. कोणत्या जोडीवर कोणता पडदा दाबावा, एवढेंच ती सांगते. तारा कशा लावल्या होत्या हें रचनाकारानें प्रस्तावनेंत सांगितलें तर ठीक. न सांगितलें तर छापलेलें पान ह्या बाबतींत मुकें असतें. फ्रांचेस्को कोर्बेत्ता ह्यानें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यास अर्पण केलेल्या १६७१ च्या पुस्तकांत चौथ्या जोडीस खालच्या सप्तकाची तार लावावी असें स्पष्ट सांगितलें आहे, आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरीं असलेल्या रोबेर द व्हिझे ह्यानेंही १६८२ त तोच आग्रह धरिला आहे. सगळेच इतके उपकारी नव्हते.

येथें खर्जाच्या ओळीचें युरोपीय संगीतांतील स्थान सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या संगीतांतील खर्ज व त्यांचा खर्ज ह्यांत मोठें अंतर आहे. तंबोऱ्याचा षड्ज गाणें सुरू होण्यापूर्वीं जेथें असतो तेथेंच गाणें संपेपर्यंत राहतो. गवई कितीही दूर भटकला तरी घर आपल्या जागेवर असतें. युरोपीय संगीतांत मात्र खालचा सूर स्वतःच चालत असतो, आणि त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर वरच्या सुरांचा अर्थ बदलतो. घरीं किंवा शाळेंत हार्मोनियम असेल तर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. उजव्या हातानें पांढरी पांच दाबून धरावी. डाव्या हातानें खालच्या सप्तकांत प्रथम पांढरी एक वाजवावी. वरचा सूर पंचमासारखा शांत ऐकूं येईल. मग उजवा हात न हलवितां डाव्या हातानें काळी दोन वाजवावी. तोच वरचा सूर आतां गांधार होऊन अगदीं निराळ्या रंगाचा लागेल. बरोक काळांतील रचनाकार आधीं ही चालती खर्जाची ओळ लिहीत, तीवर कोठें ६, कोठें ४ व ३ असे आंकडे घालीत, आणि मधले स्वर भरण्याचें काम वादकाच्या बुद्धीवर सोंपवीत. ही ओळ गाण्याच्या आरंभापासून शेवटपर्यंत कोठें तुटत नसे, म्हणून तिला ‘अखंड खर्ज’ अशा अर्थाचें नांव होतें. ती वाजविण्यासाठीं गुडघ्यांत धरून गजानें वाजविण्याचें व्हायोला दा गांबा हें वाद्य असे, किंवा थिऑर्बो नांवाचें लांब मानेचें, तारा छेडून वाजविण्याचें वाद्य असे. थिऑर्बोची मान इतकी लांब कीं, तिच्या मोकळ्या जाड तारा पडद्यांच्या बाहेरून जाऊन वर वेगळ्या खुंट्यांना बांधाव्या लागतात. वाजवणारा बसला असतां ती मान त्याच्या डोक्याच्याही पुष्कळ वर जाते, आणि अरुंद दारांतून हें वाद्य नेणाऱ्याची तारांबळ पाहण्यासारखी असते!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ज्या गिटारला खर्ज नाहीं तिच्या खालीं गांबानें किंवा थिऑर्बोनें खर्ज वाजविला तर काय होतें? वर सांगितलेल्या ‘ए’ व ‘बी’ ह्या मेळांच्या खालीं एका सप्तकावरून त्यांचा षड्ज वाजूं लागला कीं, गिटारच्या तारा कशाही लावलेल्या असोत, दोन्ही मेळ एकदम पायावर येतात. गिटारचा तळाचा सूर गांधार कीं पंचम, हा वाद तेथेंच मिटतो. कारण आतां तळ गिटारकडे नाहींच. ती वरची झळाळी व लय देते, खालचें वाद्य आधार देतें. हात फिरवून वाजविण्याच्या गीतांत व नाचांत हा योग इतका स्वाभाविक वाटतो कीं, त्यावेळच्या लोकांनीं तो केला नसता तरच नवल.

त्यांनीं तो केला, ह्यास छापील पुरावा आहे. कापस्बर्गर नांवाच्या रचनाकारानें १६१० सालीं रोममध्यें प्रसिद्ध केलेल्या गीतसंग्रहांत गाण्याची चाल व खर्जाची ओळ ह्यांच्याबरोबर थिऑर्बोची लिपि आणि गिटारचीं अक्षरें हीं दोन्ही दिलेलीं आहेत. बोलोन्या येथील ग्रानाता ह्यानें १६७४ त गिटार, व्हायोलिन व खर्जाचें व्हायोल ह्यांनीं मिळून वाजविण्याच्या रचना छापल्या. फ्रान्समध्यें ग्रेनेरँ ह्याच्या १६८० च्या पुस्तकांतही गिटारबरोबर व्हायोलिनें व खर्ज ह्यांची योजना आहे. परंतु सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे द व्हिझे. ह्याच वादकास चौदावा लुई रात्रीं आपल्या शय्येजवळ बसवून गिटार ऐके, अशी नोंद दांझो ह्या दरबारी गृहस्थाच्या १६८६ च्या रोजनिशींत आहे. त्यानें आपल्या १६८२ च्या पुस्तकांत गिटारच्या लिपींतील कांहीं रचना शेवटीं पुनः साध्या स्वरलिपींत, वरची चाल व खालचा खर्ज अशा दोन ओळींत छापल्या, ह्यासाठीं कीं इतर वाद्यांनींही त्या वाजवाव्या.

हीं दोन रूपें शेजारीं ठेवून पाहणें हा खर्जाच्या वादकासाठीं सर्वांत उत्तम अभ्यास होय. गिटारच्या रूपांत खालची ओळ मध्येंच तुटते. सूर खालीं उतरत असतां जागा संपते, म्हणून तो एकदम वरच्या सप्तकांत उडी घेतो आणि तेथून पुनः उतरूं लागतो. स्वरलिपीच्या रूपांत मात्र हीच ओळ सरळ, एखाद्या जिन्यावरून उतरावें तशी खालपर्यंत जाते. म्हणजे रचनाकाराच्या मनांतील खर्ज अखंडच होता. गिटारची मान आंखूड पडली म्हणून तो घडी घालून ठेवावा लागला. ज्या रचनांना रचनाकारानें असा खर्ज लिहून ठेवलेला नाहीं, त्यांची घडी कशी उलगडावी, हें ह्या नमुन्यावरून शिकतां येतें.

ही उलगडणी करतांना एक चूक सर्रास होते. गिटारवादक अंगठ्यानें जे जे सूर छेडतो ते सर्व खर्जाचे, असें समजून गांबावाला ते सर्व उतरून घेतो व खालच्या सप्तकांत वाजवूं लागतो. पण चौथ्या व पांचव्या जोडीवर पातळ तारही असते, किंवा पातळ तारच असते. त्यामुळें अंगठ्याचे कित्येक सूर वस्तुतः चालीचे सूर असतात. ते खालीं नेले तर खर्ज निष्कारण धांवूं लागतो आणि चालीला भोंकें पडतात. म्हणून आधीं चाल गाऊन पाहावी, वाक्य कोठें संपतें तें ठरवावें, त्या विरामापाशीं पंचमावरून षड्जावर येणारी पावलें मांडावीं, आणि मग मागें मागें जात मधली ओळ भरावी. जेवढे सूर कमी लागतील तेवढे बरे. गिटारवादक एका मात्रेंत चार वेळां हात वर-खालीं फिरवीत असला, तरी खर्जवाल्यानें एकदांच सूर लावून गप्प राहणें पुष्कळदां शोभतें.

आवाजाचा तोलही सांभाळावा लागतो. तातीच्या बारीक तारांची गिटार दालनाच्या मागच्या रांगेपर्यंत कशीबशी पोंचते. गजानें ओढलेला सूर वादकाच्या मनास येईल तितका वेळ टिकतो व फुगतोही, आणि गिटारचा सूर तर निघतांक्षणींच विरूं लागतो. म्हणून गांबावाल्यानें सूर लिहिला आहे तितका लांब न ओढतां गिटारच्या सुराबरोबर तोही ओसरूं द्यावा. आमचें मत विचाराल तर नाचाच्या व हात फिरवून वाजविण्याच्या रचनांना थिऑर्बोच अधिक जुळतो. कारण त्याचाही सूर गिटारच्याच जातीचा, छेडल्याबरोबर उमलून विरणारा आहे. संथ साराबांदसारख्या रचनांत मात्र गांबाचा लांब सूर गिटारच्या विरामांना जी करुण छटा देतो ती थिऑर्बोस साधत नाहीं. तिन्ही वाद्यांचे पडदे तातीचे व सरकते असल्यामुळें ते एकमेकांशीं अगदीं बारीक जुळवून घेतां येतात. ही सोय हार्प्सिकॉर्डबरोबर वाजवितांना मिळत नाहीं, तेथें गिटारनेंच सारखें नमतें घ्यावें लागतें.

शाकोन व पासाकाल ह्या रचनांत चारसहा सुरांचा एकच खर्ज पुनः पुनः येतो व त्यावर गिटार दर फेरीस नवी तऱ्हा दाखविते. येथें खर्जवाल्याची खरी परीक्षा होते. तेच सूर तो वीस वेळां तसेच वाजवूं लागला तर श्रोता जांभई देईल. म्हणून कांहीं फेऱ्यांत त्यानें अगदीं थांबावें. गिटार एकटी राहिली म्हणजे श्रोत्याच्या मनांत तो खर्ज आपोआप चालू राहतो, आणि तो पुनः आला म्हणजे दुप्पट गोड लागतो.

गीतांच्या साथींत एक निराळीच अडचण येते. पुष्कळ छापील गीतांत गिटारचें अक्षर एक सांगतें व खर्जाची ओळ दुसरेंच सांगते. ‘आल्फाबेतो’च्या अक्षरांत बहुतेक साधे, सरळ मेळच असतात, खर्जावरील ६ ह्या आंकड्यानें पंचमाच्या जागीं वरचा सूर मागितला, किंवा ४ व ३ ह्या आंकड्यांनीं मध्यमावर थोडें थांबून गांधारावर यावयास सांगितलें, तर तें साध्या अक्षरांत बसत नाहीं. गिटार एकटी वाजत असतां कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण गांबा खालीं वाजूं लागला कीं तेवढ्या जागीं दोघांची टक्कर होते. अशा वेळीं छापलेलें सगळें पवित्र मानून दोघांनींही आपापलें दामटणें हा हट्ट होय. गायकाचा सूर कोणत्या बाजूस आहे हें पाहावें. तो खर्जाशीं मिळत असेल तर गिटारवाल्यानें बाधणारा सूर सोडून फक्त वरच्या दोनतीन जोड्यांवरून हात फिरवावा. तो अक्षराशीं मिळत असेल तर खर्जवाल्यानें एखाद्या पावलापुरती माघार घ्यावी. वाद अनिर्णीत राहिल्यास गिटारनें गप्प बसणें सर्वांत सोपें.

हें सर्व खरें असलें तरी प्रत्येक रचनेखालीं खर्ज घातलाच पाहिजे असें आम्हीं सुचविलें आहे, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. सान्सच्या घंटांच्या रचना घ्या. तेथें एकेक सूर दुसऱ्यांत मिसळत असतो. कोणता सूर चालीचा व कोणता आधाराचा हें मुद्दामच धूसर ठेवलेलें असतें, आणि त्या धूसरपणांतच तिचें सौंदर्य आहे. अशा रचनेखालीं खर्ज घालणें म्हणजे चांदण्यांत दिवा लावणें होय. सर्व दिसूं लागतें, पण चांदणें नाहींसें होतें. खालच्या सुराचा अभाव हा जेथें उणेपणा आहे तेथें साथ द्यावी, आणि जेथें तोच बेत आहे तेथें गिटारला एकटी सोडावी. दोहोंत भेद करावयाचा तो कानानें, आणि रचनाकारानें तारा कशा लावल्या होत्या त्यावरून.

उलट बाजूनें गिटारलाच खर्ज सांभाळावयास लावण्याचाही त्या काळीं प्रयत्न झाला. इंग्लंडमध्यें स्थायिक झालेल्या निकोला मात्तेइस ह्या इटालियन वादकानें १६८२ च्या इंग्रजी पुस्तकांत आंकड्यांचा खर्ज गिटारवर कसा वाजवावा ह्याचे धडे दिले. माद्रिदच्या दरबारांतील सांतियागो दे मुर्सिया ह्यानें १७१४ त, आणि पॅरिसच्या कांपिओं ह्यानें १७१६ त ह्याच विषयावर ग्रंथ लिहिले. ते चाळतांना वादकाची ओढाताण जागोजाग दिसते: खर्जाचा सूर गिटारच्या खालीं गेला कीं तो सप्तकभर वर उचलावयाचा, आणि तो चालीच्या डोक्यावर चढणार नाहीं अशी काळजी घ्यावयाची.

पुढें गिटार बदलली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहावी, खर्जाची तार आली, जोड्या गेल्या व सुट्या तारा राहिल्या. जुन्या रचना विस्मृतींत पडल्या. विसाव्या शतकांत त्या पुनः बाहेर आल्या, तेव्हां त्यांना खर्ज देण्याचा मोह मोठमोठ्या रचनाकारांसही आवरला नाहीं. इटलीच्या रेस्पीगीनें १६९२ च्या रोंकाल्लीच्या गिटारपुस्तकांतील पासाकाल्या १९३२ च्या सुमारास तंतुवाद्यांच्या संपूर्ण वृंदासाठीं मांडली. स्पेनच्या रोद्रिगोनें सान्सच्या चाली घेऊन १९५४ त सेगोव्हिया ह्या थोर वादकासाठीं गिटार व वाद्यवृंद ह्यांची रचना केली. आमच्या वाचकांस ह्या दोहोंचीं ध्वनिमुद्रणें मिळाल्यास अवश्य ऐकावीं, आणि मग पांच जोड्यांच्या जुन्या गिटारवर वाजविलेल्या त्याच चाली ऐकाव्या. रेस्पीगीचा पासाकाल्या एखाद्या प्रचंड दगडी इमारतीसारखा उभा राहतो; गिटारवरचा रोंकाल्ली त्याच इमारतीच्या बारीक रेघांनीं काढलेल्या चित्रासारखा आहे.

ह्या सर्व प्रकरणांत एका इंग्रज गृहस्थाची गोष्ट मोठी मौजेची आहे. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स ह्यानें १६६७ सालीं कोर्बेत्ताचें वादन ऐकलें. वादन अप्रतिम झालें असें त्यानें लिहिलें. परंतु इतक्या हीन वाद्यावर एवढे श्रम खर्च व्हावे ह्याचें त्यास वाईट वाटलें. पुढें १६७५ त त्याच्या घरीं चेझारे मोरेल्ली नांवाचा गायक येऊन राहिला. पेप्सचा स्वतःचा आवाज खर्जाचा होता. मोरेल्लीनें त्याच्या आवाजाच्या बेतानें गीतें बसवून दिलीं, आणि त्यांच्या साथीसाठीं वाद्य निवडलें तें गिटार! तीं हस्तलिखितें पेप्सनें जपून ठेविलीं व आपल्या ग्रंथसंग्रहाबरोबर केंब्रिजच्या मॉड्लिन कॉलेजास दिलीं; तीं तेथें अद्याप पाहावयास मिळतात.